तोलाराची करंगळी

त्या वर्षी पावसानं सगळ्यांच्याच तोंडाला पानं पुसली. लसूण उपटला तर गड्डे लिंबाएवढेसुद्धा नाहीत. जे लोक एरवी गाडीभर पोती घेऊन बाजारात यायचे, ते डोक्यावर गाठोडं घेऊन येऊ लागले. आणि नेमका त्याच वर्षी बाजाराच्या आवारात आकडे दाखवणारा नवा काटा बसला. स्टीलचा चौथरा, वर लाल आकडे, पोतं टाकलं की काम झालं. पोती उरली नाहीत तेव्हा पोत्यांचा काटा आला, असा सगळा उफराटा कारभार. लसूण विकत घेणाऱ्या शेठनं माल तोलणाऱ्या दोघा तोलारांना घरी पाठवलं आणि एकाला ठेवलं. त्या एकाला आवारात सगळे नुसतं तोलार म्हणायचे, बापानं ठेवलेलं नाव कोणाला आठवत नव्हतं.

आपल्यालाच का ठेवलं हे तोलारानं घरी छाती फुगवून सांगितलं. किरकोळ मालाला हातचा तराजूच लागतो, आणि हाताला वळण असावं लागतं, ते मशिनला कुठून येणार. बायको चुलीसमोर बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एक लाकूड मागं ओढलं. त्या हाताला कोणतं वळण आहे, ते तिला ठाऊक होतं.

तराजू साधाच होता. लोखंडी दांडी, दोन पितळी पारडी आणि दांडीच्या मधोमध धरायला दोरीची मूठ. डाव्या पारड्यात माल, उजव्या पारड्यात वजनं. तोलारानं मूठ दोन बोटांत धरून तराजू उचलला, की त्याची करंगळी खाली यायची आणि दांडीच्या उजव्या अंगावर टेकायची. बघणाऱ्याला वाटावं, हात दमला म्हणून बोट सैल सुटलंय. त्या एवढ्याशा टेकण्यानं वजनाचं पारडं खाली जायचं, लसणाचं वर राहायचं, आणि तोलार म्हणायचा, टाका अजून थोडा. समोरचा टाकायचा. शेठनं हे कर म्हणून कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. ज्या म्हाताऱ्या तोलाराच्या हाताखाली तो शिकला, त्यानंही सांगितलं नव्हतं, नुसतं एकेक बोट धरून बसवून दिलं होतं. आता तर तोलाराला स्वतःलाही त्याचं भान नसायचं. लसणाचा वास जसा हातातून जात नव्हता आणि त्याला येतही नव्हता, तसंच हे.

तोलाराचा तराजू दुसऱ्याच्या हातात जात नाही, ही त्या धंद्यातली रीत. शेठनंसुद्धा हात लावायचा नाही. घरी तो खुंटीला असायचा आणि बायको धूळसुद्धा लांबून झटकायची. फक्त लेकीला, बारकीला, ती अगदी लहान असताना, त्यानं मांडीवर बसवून एकदा मूठ धरायला दिली होती. तिची इवलीशी बोटं त्यानं एकेक करून बसवली, करंगळीसुद्धा. तेव्हा ती दोघं खूप हसली होती. तो सगळा कौतुकाचा मामला होता, त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं.

बारकी आता सातवीत होती. अंगानं अजूनही बारकीच, पण गणितात वर्गाच्या पुढे. त्या वर्षी शाळेत नव्या बाई आल्या होत्या आणि त्यांच्या गणिताच्या तासाला पोरं वर्गात सापडायची नाहीत. शाळेच्या पायऱ्यांवर खडूनं मधे शून्य काढलेलं, वरच्या पायऱ्या अधिक, खालच्या उणे. फासा पडेल तसं चढायचं आणि उतरायचं. उणे संख्या वजा करायची वेळ आली की तोंड फिरवून उलट्या पावलांनी चालायचं, तिथं निम्मी पोरं एकमेकांवर आदळायची. दोरीला गाठी मारून अपूर्णांक, अंगणात दगड मांडून गुणोत्तर. आयाबाप कुरकुरायचे, की शिकवतात कधी, नुसत्या खेळवतात. तोलारही त्यातलाच. पण घरी बारकी मागच्या दारी खालच्या पायरीवर बसून आईला ओरडून सांगायची, की मी उणे दोनवर आहे, पाणी इथंच आण. तेव्हा त्याला हसू यायचं.

मग समीकरणं आली. बाईंनी कपड्यांच्या हँगरला डब्यांची झाकणं बांधून तराजू केला होता, पण खिडकीतून वारा आला की तो वाऱ्याच्या बाजूनं बोलायचा. पोरं हसून लोळली. तेव्हा बारकी उभी राहिली आणि माझ्या बाबांकडे खराखुरा आहे, असं सांगून बसली. घरी येऊन तिनं गळ घातली. तराजू द्यायचा नाही, हे तिला न सांगता माहीत होतं. ती म्हणाली, तुम्हीच या.

तोलारानं आढेवेढे घेतले, पण ते घ्यायचे म्हणून. शाळेनं आपल्याला बोलावलंय, हे त्यानं वाटेत भेटेल त्याला काही ना काही निमित्तानं सांगितलं. धुतलेला शर्ट घातला. राखेनं हात चोळचोळून धुतले. पारडी घासून लख्ख केली. बारकी त्याच्या पुढे चार पावलं चालत होती आणि मागं वळून वळून बघत होती, बाबा येतायत ना म्हणून.

वर्गात बाकं भिंतीला सरकवली होती. बाईंनी त्याला नमस्कार केला आणि मुलांना म्हणाल्या, हे रोज जे काम करतात त्यालाच आपण समीकरण म्हणतो. तोलाराला त्यातलं फारसं कळलं नाही, पण बरं वाटलं. बाईंनी खेळ समजावला. कागदाच्या पुड्यांमध्ये त्यांनी गोट्या बांधल्या होत्या, प्रत्येक पुडीत सारख्याच, पण किती ते सांगायचं नाही. ते क्ष. डाव्या पारड्यात दोन पुड्या आणि तीन सुट्या गोट्या. उजव्या पारड्यात सुट्या गोट्या टाकत जायचं, दांडी सरळ होईपर्यंत. पुड्यांच्या कागदाचं वजन नडू नये म्हणून उजवीकडेही त्यांनी दोन रिकामे कागद ठेवले. बाई फार बारकाईच्या. मग दोन्हीकडून सारखं काढत काढत एका पुडीत किती ते शोधायचं आणि शेवटी पुडी फोडून बघायची. गोट्यांचा डबा बारकीच्या हातात दिला, कारण तराजू तिच्या बाबांचा.

आधी रिकामी पारडी उचलून दाखवली. दांडी सरळ. तोलार म्हणाला, बघून घ्या, एक केस इकडेतिकडे नाही. आणि ते खरंच होतं. रिकाम्या पारड्यांना त्याची करंगळी कधी शिवत नसे.

पहिला गट टिपरीचा. टिपरी म्हणजे बारकीच्या बाकावरची, काडीसारखी लांब पोर. तिची आई लसूण घेऊन तोलारासमोरच यायची. टिपरीनं गोट्या टाकल्या, तोलारानं सवयीनं बस म्हटलं, आणि उजवीकडे अकरा भरल्या. पोरांनी फळ्यावर मांडलं. दोन्हीकडून तीन काढल्या. दोन पुड्या बरोबर आठ, एक पुडी बरोबर चार. टिपरीनं दिमाखात पुडी फोडली. आत पाच गोट्या निघाल्या.

वर्गात एकच कल्ला झाला. टिपरीनं पुन्हा मोजल्या, पाचच. बाईंनी फळा तपासला, बरोबर होता. दुसरी पुडी फोडली, तिच्यातही पाच. कुठं चुकलं याचा सगळे शोध घेत असताना तोलारानं सहज आपल्या हाताकडे पाहिलं, आणि करंगळी त्याला दिसली. कितीतरी वर्षांनी दिसली. ती अजून दांडीवरच होती. त्यानं झटकन तराजू खाली ठेवला.

बाईंनी नव्या पुड्या घेतल्या, तशाच. आता बारकीचा गट. तोलारानं मूठ धरताना मनाशी ठरवलं, की करंगळी वर. धरलीही वर. पण समोर पारडं आलं, त्यात एकेक दाणा पडावा तशी गोटी पडू लागली, डोळे दांडीवर गेले आणि बोट कधी खाली आलं ते त्याला कळलं नाही. बारकी पारड्याशी उभी होती. तिची उंची अशी, की दांडी बरोबर तिच्या डोळ्यांसमोर. अकरावी गोटी टाकून ती थांबली. तिनं करंगळीकडे पाहिलं, मग वर त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोलाराच्या तोंडून तेवढ्यात सवयीचं बस निघून गेलं होतं.

पुन्हा चार आल्या. पुन्हा पुडीत पाच निघाल्या.

"आमच्या लसणाचं असंच होतं, बाई," टिपरी म्हणाली. "घरी जास्त भरतो, बाजारात कमी भरतो. आई म्हणते, वाटेत सुकतो."

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. त्या तोलाराकडे बघू लागल्या. त्या नजरेत राग नव्हता, नुसती एक शंका उभी होती. तोलार मनात काहीतरी सबब शोधू लागला. तेव्हा त्याला दिसलं, की बारकीचा हात डब्यात गेला, तिथून फ्रॉकच्या खिशात गेला, आणि मुठीत दोन गोट्या घेऊन बाहेर आला. बाकी कोणी पाहिलं नाही. वर्गात सगळ्यांत उंच तोच उभा होता, म्हणून त्याला दिसलं.

"बाई, मी घेतल्या," बारकी म्हणाली. "मोजायच्या आधी पारड्यातल्या दोन उचलल्या. मगाशी टिपरीच्या वेळी पण. मला त्या निळ्या आवडल्या."

बाई जवळ आल्या, त्यांनी तिच्या तळहातावरच्या गोट्या बघितल्या. एकही निळी नव्हती. मग त्यांनी तोलाराला अगदी हलक्या आवाजात विचारलं, "तुम्ही जवळ होतात. तुम्हाला काही दिसलं का?"

तोलार म्हणाला, "नाही, बाई. मी दांडीकडे बघत होतो."

बाईंनी बारकीला जागेवर बसायला सांगितलं. तराजू गुंडाळताना पारडी एकमेकांवर आपटली आणि तो आवाज त्याला नको नको झाला. दाराबाहेर पडेपर्यंत मागून कोणीतरी हळूच म्हणालं, गोटीचोर. मग दुसऱ्यानं जरा मोठ्यानं म्हटलं. तोलार तसाच खाली मान घालून चालत राहिला.

घरी त्यानं बायकोला सांगितलं, पण अर्धंच. पोरीनं गोट्या उचलल्या, इतकं. बायकोनं बारकीला जवळ बोलावून विचारलं. बारकी म्हणाली, हो, उचलल्या. बापाकडे तिनं पाहिलं नाही. बायकोनं मात्र तोलाराकडे बराच वेळ पाहिलं आणि तिचं तिला कळून चुकलं. नंतर ती भांडी घासताना म्हणाली, की दोन गोट्यांचं ते काय, चार दिवसांत पोरं विसरतील, आणि या दिवसांत काम सुटलं तर खायचं काय ते आधी सांगा. बोलताना तिचा आवाज मऊ होता आणि हात भांड्यावर जरा जास्तच जोरात चालत होता. तोलाराला तिचं म्हणणं पटलं. पटवून घ्यायचंच होतं, त्यामुळे वेळ लागला नाही.

पण बारकी त्याच्याशी बोलेना. रुसली असती तर त्यानं समजूत काढली असती. ती रुसली नव्हती. पाणी मागितलं की द्यायची, हाक मारली की यायची, आणि काम झालं की जायची. परक्या घरी ठेवलेल्या पोरीसारखी वागत होती. पायऱ्यांवर बसून उणे दोन म्हणणं बंद झालं. टिपरीनं बाक बदलला, हे त्याला बायकोकडून कळलं.

आवारात तो कामाला लागला तेव्हा मनाशी एक सोय करून ठेवली होती. सगळ्यांचं नाही जमलं तरी टिपरीच्या आईचा लसूण सरळ तोलायचा. तेवढंच मनाला बरं. ती आली, गाठोडं सोडलं, माती झटकून गड्डे पारड्यात घातले. तिच्या हाताला उन्हानं भेगा पडल्या होत्या. तोलारानं करंगळी तळव्यात दुमडली आणि मूठ उचलली. हात परका वाटू लागला. दोरी बोटांत रुतली, दांडी नुसती झुलत राहिली. इतकी वर्षं तोललं, पण सरळ तोलायला तो कधी शिकलाच नव्हता.

शेठ मागं खुर्चीवर बसला होता. त्यानं पेपर खाली केला.

"आज हात दुखतोय वाटतं," शेठ म्हणाला. मग नव्या काट्याकडे बघत सहज बोलल्यासारखं म्हणाला, "तसं गाठोडंही त्या चौथऱ्यावर मावतं म्हणा."

तोलारानं हात सरळ केला. करंगळी खाली आली. दांडी लगेच शांत झाली आणि तो म्हणाला, टाका अजून थोडा.

टिपरीच्या आईनं गाठोड्याच्या तळाचे गड्डे काढून पारड्यात टाकले. वाटेत सुकला बघा, असं ती आपणच म्हणाली. मग रिकामं फडकं झटकून घडी करता करता तिनं आवाज खाली आणला.

"पोरीला फार रागावू नका हो. दोन गोट्याच त्या. लेकराचं मन गेलं असेल."

तोलारानं मान हलवली. त्याला वाटलं, हा तराजू इथंच टाकावा आणि कुठंतरी तोंड लपवावं. पण मागं रांग होती. त्यानं पुढच्याचा लसूण पारड्यात घेतला, आणि त्याच्या पुढच्याचाही. त्या दिवशी करंगळी प्रत्येक वेळी त्याला दिसत होती आणि प्रत्येक वेळी ती खाली येत होती. आधी निदान नकळत व्हायचं. आता तो डोळे उघडे ठेवून करत होता.

रविवारी सकाळी बायको मागच्या दारी कपडे धूत होती आणि तोलार बादलीनं पाणी काढून देत होता. बारकीचा शाळेचा फ्रॉक हातात आला तेव्हा बायकोनं नेहमीसारखा खिसा उलटा करायला हात घातला. हात आत जाईना. तिनं दुसरा खिसा चाचपला. तोही तसाच. मग तिनं फ्रॉक उजेडात धरला. दोन्ही खिशांची तोंडं शिवलेली होती. टाके वेडेवाकडे, दोरा काळा, आणि जाड गाठ मारलेली. बारकीला नीट शिवता येत नव्हतं.

तिला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली. आईनं विचारलं, हे काय गं.

"वर्गात काही हरवलं की आधी माझे खिसे बघतात," ती म्हणाली. "आता नाही बघणार."

ती रडत नव्हती. गणित सोडवून दाखवावं तशी सांगत होती. बायकोनं फ्रॉक पाण्यात सोडला आणि पदरानं डोळे पुसले. तोलार हातात बादली घेऊन उभा राहिला. आपल्या पोरीनं आपली लाज झाकायला स्वतःचे खिसे शिवून घेतले, आणि आपण बाजारात जाऊन तिच्याच मैत्रिणीच्या आईच्या लसणाला बोट लावलं, हे त्याच्या डोक्यात इतकं स्वच्छ उभं राहिलं, की त्यानं बादली खाली ठेवून दिली. इतकी शरम त्याला जन्मात वाटली नव्हती. बायको काही वेळानं म्हणाली, की काय करायचं ते करा, माझ्या पोटाची सबब सांगू नका.

दुसऱ्या दिवशी तो आवारात गेलाच नाही. खुंटीवरचा तराजू काढला आणि शाळेत गेला. शर्ट रोजचाच होता. बारकी आधीच शाळेत पोचली होती. त्याला दारात बघून तिचा चेहरा पांढरा पडला. पुन्हा काही ओढवतंय असं तिला वाटलं असावं. तोलारानं बाईंना विचारलं, तो खेळ एकदा परत मांडाल का. बाईंनी त्याच्या हातातल्या तराजूकडे पाहिलं आणि कपाटातून पुड्या काढल्या.

दोन पुड्या आणि तीन गोट्या. उजवीकडे दोन रिकामे कागद. अकरा गोट्या त्यानं स्वतः मोजून टाकल्या आणि मूठ उचलली. दांडी सरळ झाली. पोरांना वाटलं, पुन्हा तेच.

"आता माझं हे बोट बघा," तोलार म्हणाला. "हे दांडीवर टेकलंय. मी दाबतोय."

त्यानं करंगळी उचलली. डावं पारडं खाली गेलं. पुन्हा टेकवली, दांडी सरळ झाली. पोरं हसली. त्यांना ती जादू वाटली. एक जण म्हणाला, काका, परत करा. तोलारानं परत केलं. मागचे पुढे आले. कोणीतरी आपल्या पट्टीवर तसंच करंगळीनं दाबून बघू लागलं. मार खाल्ला असता तर बरं, असं त्याला वाटलं. हसणं थांबेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

"गोट्या बारकीनं घेतल्या नव्हत्या," तो म्हणाला. "त्या दिवशी मी दाबलं होतं. तिनं पाहिलं, आणि माझ्यासाठी चोरी अंगावर घेतली. बाईंनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. बाजारात पण मी असंच तोलतो."

आता कोणी हसलं नाही. शेवटचं वाक्य बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. पण एवढं सरळ बोलल्यावर ते मागं ठेवता आलं नाही. वर्गातली निम्मी पोरं लसणाच्या घरची होती, दिवस मावळायच्या आत हे आवारभर होणार होतं. टिपरी मागच्या बाकावर उभी होती आणि तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

तोलारानं बारकीला जवळ बोलावलं. ती आली. त्यानं तराजूची मूठ तिच्यापुढे धरली. तिला क्षणभर कळेना, कारण ही गोष्ट कधी होत नव्हती.

"धर," तो म्हणाला.

तिनं मूठ धरली आणि उचलली. हात लहान, तराजू जड. तोलारानं आधार द्यायला हात पुढे केला, मग मागं घेतला आणि दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत अडकवले. तेव्हा त्याला तिची बोटं दिसली. दोन बोटांत मूठ, आणि करंगळी खाली, दांडीच्या उजव्या अंगावर. त्यानं एकदा मांडीवर बसवून जशी बसवली होती तशीच, अगदी तशीच. तिच्या ते लक्षातही नव्हतं.

"करंगळी आत घे," तो म्हणाला.

बारकीनं आपल्या बोटाकडे पाहिलं. मग ते दुमडून तळव्यात घट्ट दाबून धरलं. डावं पारडं खाली गेलं. बाईंनी एक गोटी टाकली, दांडी हलली. दुसरी टाकली. बराच वेळ झुलून झुलून दांडी थांबली, आणि सरळ थांबली. पोरांनी मोजल्या, तेरा. दोन्हीकडून तीन काढल्या, दहा. एका पुडीत पाच. पुडी फोडायची कोणाला गरज वाटली नाही, तरी बाईंनी ती फोडून दाखवली.

बारकी जागेवर जाऊन बसली. ती त्याच्याकडे बघून हसली वगैरे नाही. पण तराजू तिनं बाकावर आपल्या पुढ्यात ठेवला आणि त्याची दोरी नीट गुंडाळू लागली. तोलारानं तो परत मागितला नाही. बाईंना नमस्कार करून तो बाहेर पडला. हात रिकामे होते आणि चालताना त्यांचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं.

तो फाटकाशी पोचला तेव्हा मागून पळत येणारी पावलं वाजली. त्याला वाटलं बारकी. वळून पाहिलं तर टिपरी होती.

"काका," ती धापा टाकत म्हणाली, "तुमच्या करंगळीचं वजन किती?"

पोरगी आपली थट्टा करतेय असं त्याला वाटलं, आणि तो तेही सोसायला तयार होता. पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता. भुवया जवळ आल्या होत्या, हातात पेन्सिल होती.

"वर्गात दोन गोट्यांएवढं होतं," ती म्हणाली. "लसणाला पण तेवढंच का?"

"नाही. जास्त."

"किती जास्त? ते कळलं की आमचा लसूण खरा किती होता ते काढता येईल. बाई म्हणतात, एक सोडून सगळं माहीत असलं की ते एक निघतंच."

आवारात आलेल्या प्रत्येकाचा माल त्यानं तोलला होता. हे तेवढं कधी तोललं नव्हतं.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "कधी मोजलं नाही."

टिपरीनं थोडा विचार केला. पेन्सिलीचं टोक तिनं दातात धरलं होतं.

"मग दुपारी बारकी तराजू घेऊन आवारात येईल," ती म्हणाली. "आईच्या समोर परत दाबून दाखवा. मी मोजते."

तोलारानं बरं म्हटलं. ती शाळेत परत गेली, आणि तो बाजाराच्या रस्त्याला लागला.